राजूरकडच्या भट्टीचा कळीचा चुना : गिलाव्यासाठी घेतला, टीजीएवर (तापवत तापवत वजन मोजणाऱ्या मशीनवर) पण टाकून बघितला

वरोऱ्याला आमच्या आजोबांचं घर आहे, जाड विटांच्या भिंती, आतून बाहेरून चुन्याचा गिलावा, ऐंशीच्या वर वर्षं झाली असतील. मागच्या हिवाळ्यात त्याची डागडुजी काढली. सिमेंटचा गिलावा करायचा नाही हे आधीच ठरलेलं, कारण पुढच्या खोलीला पूर्वी कोणीतरी सिमेंट मारून ठेवलं होतं आणि त्या भिंतीत ओल अडकून खालून विटाच भुसभुशीत व्हायला लागलेल्या. तर चुना दोन ठिकाणहून घेतला, पहिल्यांदा फसले, दुसऱ्यांदा अगदी मनासारखा मिळाला. हा रिव्ह्यू मुख्य करून दुसऱ्या चुन्याचा आहे. मी सिमेंट प्लांटच्या लॅबमध्ये १२ वर्षं काम करते, चुनखडी भाजणं हा आमचा रोजचा विषय, त्यामुळे थोडं खोलात लिहिणार आहे, कारण चुना चांगला की वाईट हे कट्ट्यावरच्या म्हणजे पोत्यावरच्या नावावरून कळत नाही, तो भाजला कसा यावरून कळतं आणि ते विचारायचं कसं हेच लोकांना माहीत नसतं.

आधी पहिल्याचं सांगते. दुकानाचं नाव घेत नाही. "एकदम ताजी कळी" (म्हणजे भाजलेला पण अजून पाणी न लागलेला चुना) म्हणून दिली, दिसायला पांढरीशुभ्र, ढेकळं मोठी मोठी, मला पण बरं वाटलं. मिस्त्रींनी हौदात भिजवली, चाळली, वाळू आणि सुरखी (विटांची भुकटी) घालून मळली आणि सगळ्यात आधी देवघराची भिंत घेतली. तीन आठवड्यांनी आई म्हणाली भिंतीला देवीचे व्रण आल्यासारखं दिसतंय बघ. जाऊन बघितलं तर खरंच, मसूर डाळीएवढे खड्डे, कुठे शेंगदाण्याएवढे, आणि प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी एक पांढरा ठिपका, नखानं टोकरला की पीठ. खाली फरशीवर छोट्या छोट्या टिकल्या पडलेल्या. हा जादा भाजलेल्या चुन्याचा खेळ असतो. तो कण हौदात विझतच नाही, म्हणजे पाणी पिऊन फुटतच नाही, इतका घट्ट झालेला असतो, मग भिंतीत गेल्यावर ओल हळूहळू त्याच्यात शिरते, तो फुगतो आणि वरचा गिलावा उडवून देतो. हौदाच्या तळाशी दोन घमेली खडे उरले होते ते वेगळंच, ते फोडले तर आत करडा दगड जसाच्या तसा. म्हणजे एकाच मालात कच्चा पण आणि करपलेला पण. देवघराची ती भिंत पूर्ण खरवडून काढावी लागली, मजुरी गेली, आईचा जीव हळहळला ते वेगळं.

मग वणीला मावसबहिणीकडे लग्नाला जायचं होतं म्हणून म्हटलं स्वतःच जाऊन बघू. वणीजवळ राजूरला चुनखडी पण आहे आणि कोळसा पण, त्यामुळे तिकडे चुन्याच्या भट्ट्या जुन्या. बहिणीच्या दिरांच्या ओळखीनं एका छोट्या भट्टीवर गेले. मालकांनी नाव टाकू नका म्हणून सांगितलंय, माल थोडा निघतो आणि ओळखीतच संपतो, म्हणून टाकत नाही. पण त्यांचं काम कसं आहे ते सांगते, कोणत्याही भट्टीवर गेलात तर हेच बघा.

दगडी गोल विहिरीसारखी भट्टी, वरून एक थर कोळसा एक थर दगड असं भरत जायचं. मी पोचले तेव्हा दोन बाया हातोडीनं दगड फोडत होत्या आणि फोडलेला माल जाळीवरून टाकून बारीक चुरा बाजूला काढत होत्या. मी विचारलं चुरा का टाकता, तो तर लवकर भाजेल. मालक म्हणाले, "ताई, चुरा भरला तं भट्टीचा दम कोंडते. अन् गोटा मुठीएवढाच पाहिजे, मोठा घेतला तं वरून पांढरा दिसते पण मधात कच्चाच राहते." मी तिथेच ठरवलं की चुना इथूनच घ्यायचा. कारण दम कोंडतो हा जो शब्द त्यांनी वापरला ना, तोच या सगळ्या रिॲक्शनचा गाभा आहे आणि तो शिकलेल्या माणसांनाही पटकन समजत नाही, आमच्याकडे नवीन ट्रेनी येतात त्यांना पण वाटतं की तापमान वाढवलं की झालं काम.

बघा, चुनखडी तापवली की कार्बन डायऑक्साइड निघतो आणि चुना उरतो. शुद्ध चुनखडी १०० किलो घेतली तर ४४ किलो वायू उडून जातो, ५६ किलो कळी राहते. पण ही रिॲक्शन एकमार्गी नाही, उलटी पण चालते, तोच गरम चुना तोच वायू परत खाऊन चुनखडी होऊ शकतो. कुठल्या दिशेनं जायचं हे ठरवतं कोण, तर तापमान आणि आजूबाजूच्या वायूचा दाब, दोघं मिळून. प्रत्येक तापमानाला चुनखडीचा एक ठरलेला दाब असतो. ७०० अंश सेल्सिअसला तो हवेच्या दाबाच्या साधारण ३ टक्के, ८०० ला वीस टक्क्यांच्या थोडा वर, ९०० च्या आसपास पूर्ण एक ॲटमॉस्फिअर आणि ९५० ला जवळजवळ दुप्पट. आजूबाजूला कार्बन डायऑक्साइडचा दाब याच्यापेक्षा कमी असेल तरच दगड सुटत जातो, बरोबरीचा झाला की काम ठप्प, जास्त झाला की उलटा प्रवास. तापमान ठरलं की दाब ठरला हे फ्रान्समध्ये डेब्रे यांनी १८६७ मध्ये मोजून दाखवलं, आणि त्याच्याही बऱ्याच आधी स्कॉटलंडचे जेम्स हॉल यांनी चुनखडी बंदुकीच्या नळीत ठासून, तोंड बंद करून भट्टीत तापवली होती, वायूला बाहेर पडायला जागाच नाही, त्यामुळे तिचा चुना झालाच नाही, उलट संगमरवरासारखा कडक दगड झाला. म्हणजे नुसती उष्णता पुरत नाही, वायू निघून गेला पाहिजे. भट्टीतून हवा नीट खेळली तर ८०० ला पण दगड भाजतो, हळू का होईना, आणि कोंडली तर ९०० ला पण अडून बसतो.

हे नुसतं वाचलेलं सांगत नाहीये. माझी भाची, म्हणजे भावाची मुलगी, नागपूरला एमएस्सी करते, तिच्या डिपार्टमेंटला टीजीए मशीन आहे. त्यात चिमूटभर सॅम्पल एका छोट्या वाटीत ठेवून ठरलेल्या वेगानं तापवत जायचं आणि वजन कसं कमी होतं ते रेषेवर बघायचं. तिला प्रोजेक्टला विषय हवाच होता, मी राजूरचा दगड आणि दोन्ही चुन्यांची पुडी दिली. पहिला रन तिनं नायट्रोजनमध्ये घेतला, १० मिलिग्रॅम, मिनिटाला १० अंश. साडेसहाशेच्या पुढे वजन ढळायला लागलं आणि आठशेच्या आत सगळं आटोपलं. मग तोच दगड, तोच वेग, फक्त नायट्रोजनऐवजी कार्बन डायऑक्साइड सोडला. सातशे गेलं, आठशे गेलं, रेषा सपाट. तिनं मला फोन केला, आत्या, मशीन बिघडलं वाटतं. म्हटलं थांब, नऊशे होऊ दे. नऊशे ओलांडल्यावर रेषा जी खाली आली ती सरळ जिन्यावरून उडी मारल्यासारखी, थोडक्या अंशांत सगळं संपलं. दोन्ही रेषा एकावर एक ठेवून तिनं मला पाठवल्या आणि मी त्या भट्टीवाल्यांना मोबाईलवर दाखवल्या, ही नायट्रोजनची म्हणजे तुमची भट्टी आणि ही दुसरी म्हणजे दम कोंडलेली भट्टी. ते बराच वेळ फोन हातात धरून बघत होते.

भाचीनं पुढे आणखी एक केलं ते मला फार आवडलं. ५ मिलिग्रॅम पातळ पसरून एकदा आणि ४० मिलिग्रॅम वाटीत दाबून एकदा असे रन घेतले. सगळं सारखं असून जास्त मालाची रेषा बरीच पुढे सरकली, आणि दोन्हीतून अॅक्टिव्हेशन एनर्जी (रिॲक्शन सुरू व्हायला ओलांडावा लागणारा ऊर्जेचा उंबरठा) काढली तर आकडे जुळेनात. ती रडकुंडीला आलेली, चुकलं कुठे म्हणून. चुकलं काहीच नव्हतं. वाटीत खालच्या थरातला वायू वरच्या थरातून बाहेर यायला वेळ घेतो, तेवढा वेळ खालच्या मालाभोवती त्याच वायूचा दाब चढलेला राहतो आणि वेग मंदावतो. म्हणजे मशीन जे मोजतंय ते निव्वळ बंध तुटण्याचा वेग नाहीच, त्यात वायूची वाट पण मिसळलेली आहे. याच विघटनाच्या अॅक्टिव्हेशन एनर्जीचे आकडे पेपरांमध्ये १५० पासून २०० च्या वरपर्यंत किलोज्यूल प्रति मोल असे विखुरलेले सापडतात त्याचं मोठं कारण हेच, आणि कार्बन डायऑक्साइड भरलेल्या वातावरणात घेतला तर हाच आकडा कित्येक पट फुगलेला निघतो, कारण समतोलाच्या, म्हणजे दोन्ही दाब बरोबरीचे होण्याच्या, अगदी काठावर दोन अंश वाढले तरी वेग शून्यातून एकदम उसळतो आणि आपण समजतो की केवढा मोठा अडथळा होता. वेगाच्या सूत्रात (१ − आजूबाजूच्या वायूचा दाब भागिले समतोलाचा म्हणजे वरचा तो ठरलेला दाब) हा गुणक टाकला नाही तर आकडा दिशाभूल करतो. आयसीटीएसी या थर्मल ॲनालिसिसच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या कायनेटिक्स (रिॲक्शनच्या वेगाचा अभ्यास) कमिटीच्या २०११ च्या शिफारशींमध्ये पण हा दाबाचा गुणक आहे, तिच्या सरांनी तिला तेच वाचायला लावलं. तेव्हा कोणी नुसता एक आकडा सांगितला तर आधी विचारा, किती माल, कुठल्या वायूत, किती वेगानं.

आता मुठीएवढ्या दगडाचं. आमच्या प्लांटच्या कॅल्सायनरमध्ये, म्हणजे चुनखडी भाजायच्या यंत्रात, चुनखडीचं पीठ असतं, टाल्कम पावडरसारखं, ते गरम वायूत उडत असताना काही सेकंदांत जवळपास पूर्ण सुटतं. तीच चुनखडी दगड म्हणून भट्टीत टाकली की तास न् तास जातात. बाहेरून भाजत भाजत एक सीमा आत सरकत असते, बाहेर चुन्याचं कवच, आत कच्चा दगड. उष्णतेला त्या कवचातून आत जायचंय आणि वायूला त्याच कवचातून बाहेर यायचंय, आणि चुना काही उष्णता पटकन जाऊ देणारा नाही. त्यात ही रिॲक्शन उष्णता गिळणारी, एका मोलला (म्हणजे १०० ग्रॅम चुनखडीला) १७८ किलोज्यूल, त्यामुळे बाहेर ११०० असलं तरी ती आतली सीमा ९०० च्या आसपासच रेंगाळत राहते. दगड दुप्पट जाड घेतला तर वेळ नुसता दुप्पट नाही, चौपटीकडे जातो. मग घाईत असलेला भट्टीवाला काय करतो, कोळसा वाढवतो. आतला गाभा भाजायच्या आधी बाहेरचं कवच करपतं, चुन्याचे बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, भोकं बुजतात, ढेकूळ आकसतं, जड होतं आणि पाण्यात टाकलं की ढिम्म पडून राहतं. हेच माझ्या देवघराच्या भिंतीत गेलं होतं. मुठीएवढा सारखा दगड घेतला की कमी आचेत, सगळीकडे एकसारखं काम होतं, कच्चं पण नाही आणि करपलेलं पण नाही.

आणि थंड करताना. हे मला स्वतःला पण भट्टीवर जाऊन कळलं. ते वरून मातीनं लिंपत नाहीत आणि जळून झाल्यावर खालची तोंडं उघडीच ठेवतात, ताजी हवा खालून वर जात राहते. कोंडून ठेवली तर भट्टी नऊशेच्या खाली उतरताना आतला साठलेला वायू गरम चुन्यालाच परत धरतो. ही उलटी रिॲक्शन सुरुवातीला फार झपाट्यानं होते, मग वर चुनखडीचा पापुद्रा तयार झाला की एकदम मंदावते, कारण वायूला त्या पापुद्र्यातून आत झिरपावं लागतं. कारखान्यांच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडायला सध्या हीच युक्ती वापरून बघतायत, साडेसहाशेच्या आसपास चुन्याला वायू खायला द्यायचा आणि नऊशेला परत सोडवायचा, फक्त प्रत्येक फेरीत चुना थोडा थोडा करपत जातो आणि त्याची भूक कमी होत जाते ही तिथली डोकेदुखी. आपल्याला मात्र भट्टीत ते अजिबात नकोय.

दोन्ही चुन्यांचे निकाल सांगते. टीजीएवर चुन्यात दोन पायऱ्या दिसू शकतात. चारशे ते पाचशेच्या मधली पायरी म्हणजे हवेतली ओल खाऊन विझलेला चुना पाणी सोडतोय, आणि साडेसहाशेच्या पुढची म्हणजे चुनखडी. पहिल्या दुकानाच्या "ताज्या" कळीत पाण्याची पायरी २.४ टक्के, म्हणजे जवळपास १० टक्के माल कट्ट्यातच विझून बसलेला, आणि वरची पायरी ८.८ टक्के, म्हणजे पाचातला एक भाग चुनखडीच. मी पैसे चुन्याचे दिले आणि त्यातला पाचवा हिस्सा न भाजलेला दगड घरी आणला. राजूरच्या मालात पाण्याची पायरी जेमतेम दिसली आणि वरची १.३ टक्के, म्हणजे ३ टक्के चुनखडी. छोट्या भट्टीतून, कुठलंही मीटर नसताना, हा निकाल खरोखर कौतुकाचा आहे.

टीजीए सगळ्यांकडे नसतं, पण हे घरी करता येतं : १०० ग्रॅम कळी बारीक फोडून घ्या, ४०० मिली पाणी २५ अंशाचं, स्टीलच्या भांड्यात ढवळत थर्मामीटर धरा. ३ मिनिटांत तापमान ४० अंशांनी चढलं (म्हणजे २५ वरून ६५ झालं) तर चुना तेज, ३ ते ६ मिनिटं लागली तर मध्यम, त्यापुढे मंद. राजूरच्या चुन्याला अडीच मिनिटं लागली. पहिल्याला आठ मिनिटांत पण ४० चढले नाहीत. डोळ्यांना चष्मा हवाच, लहान मुलं लांब, प्लॅस्टिकची बादली नको, आणि कधीही चुन्यावर थोडंसं पाणी शिंपडून वाकून बघू नका, तो तडतडून उडतो आणि डोळ्यात गेला तर कायमचं नुकसान होतं.

तक्रारी पण लिहिते. कट्ट्यांना आत प्लॅस्टिक आहे पण फार पातळ, १२ कट्ट्यांपैकी दोन ट्रान्सपोर्टमध्ये फाटले आणि त्यातला वरचा माल पीठ झाला. पावसाळ्यात तर मी मागवणारच नाही, ओल लागली की कट्टा गरम होऊन फुटतो, ट्रकमध्ये बाकी सामान असेल तर आग पण लागू शकते. ढेकळांसोबत कोळशाची राख थोडी येते, चाळून काढावी लागते, पांढऱ्या रंगकामाला घेणार असाल तर हे लक्षात ठेवा. बिल साध्या कागदावर. आणि किलोमागे पहिल्या दुकानापेक्षा ४ रुपये जास्त गेले, शिवाय गाडीभाडं. पण न भाजलेला दगड वजा केला, देवघराची डबल मजुरी धरली तर महाग कोणता पडला हे मला विचारायची गरज नाही. फोन मात्र उचलतात, आणि भट्टी निघायच्या आदल्या दिवशी स्वतः कळवतात, म्हणजे माल भट्टीतून थेट हौदात.

भिजवताना आमचे मिस्त्री, सत्तरीचे आहेत, हौदाजवळून हलेनात. पाणी सोडलं तशी कळी आधी सुस्कारली, मग तडकायला लागली, ढेकळं फुलासारखी उमलून पसरली आणि दहा मिनिटांत पूर्ण हौद खदखदत होता. म्हणाले, अशी कळी लई वर्षांनी पाह्यली. दीड महिना पाण्याखाली ठेवला, लोण्यासारखा झाला, फावड्याला चिकटून राहायचा. चाळणीवर खडे राहिले ते एका ओंजळीत मावले, पहिल्या वेळी दोन घमेली होती. मग वाळू, सुरखी, गुळाचं पाणी, बेलफळाचा आणि हिरड्याचा काढा, सगळं मिस्त्रींच्या हिशोबानं. देवघराची भिंत परत घेतली, थर पातळ पातळ, प्रत्येक थराला वेळ देऊन, कारण इथे परत तोच वायू हवेतून येऊन चुन्याला चुनखडी करणार असतो, यावेळी थंडपणे आणि ओलीच्या मदतीनं, आणि जाड थर दिला तर त्याला आत पोचायला वाट नाही. सात महिने झाले, मधे अख्खा पावसाळा गेला, एक खड्डा नाही. आई रोज दिवा लावताना भिंतीवरून हात फिरवते.

मागच्या ओसरीचं काम अजून बाकी आहे, त्याला सहा कट्टे लागतील. दिवाळीनंतरची पहिली भट्टी निघाली की कळवतो म्हणालेत, यावेळी जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या मी इथून घेऊन जाणार आहे.